बगांची उतरंड लावताना

दिवाळीनंतर, नोव्हेंबर 2024 मध्ये कामं पुन्हा सुरू झाली तेव्हा आमच्या रेडमाइनमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका (बग) नोंदवायच्या प्रणालीत, तीनशेवर तिकिटं (एकेका तक्रारीच्या नोंदी) उघडी होती आणि त्यातल्या निम्म्याहून अधिकांवर 'अर्जंट' नाहीतर 'इमिजिएट' असं लिहिलेलं होतं. टीम लहान: मोजके डेव्हलपर, एक टेस्टर, फोन घेणारे दोघं. सॉफ्टवेअर सोलापुरातल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यांसाठीचं. सुताची आवक, मागावरचं उत्पादन, कामगारांचा आठवड्याचा पगार, बिलं, ई-वे बिल, जीएसटीची विवरणपत्रं असा सगळा पसारा. बरेचसे ग्राहक अक्कलकोट रोड एमआयडीसीतले, बाकीचे शहरातल्या पेठांमधले. सॉफ्टवेअर त्यांच्याच कॉम्प्युटरवर बसवलेलं असतं, त्यामुळे दुरुस्ती तयार झाली तरी ती प्रत्येक मशिनपर्यंत न्यावी लागते. नेट बरं असेल तर रिमोटनं, नसेल तर पेन ड्राइव्ह खिशात घालून गाडीवर. कुठला बग आधी घ्यायचा हे ठरवताना हा पोचवण्याचा खर्चही धरावा लागतो, आणि मोठ्या कंपन्यांच्या मार्गदर्शक पानांवर त्याबद्दल फारसं काही सापडत नाही. लहान गावातल्या, लहान टीमना उपयोग व्हावा म्हणून त्यानंतरच्या महिन्यांत काय काय केलं ते तारखांसकट लिहीत आहे.

आधी 'अर्जंट' इतकं का फुगतं ते पाहू. रेडमाइन मुळात एकच रकाना देतं, प्रायॉरिटी: लो, नॉर्मल, हाय, अर्जंट, इमिजिएट. सिव्हिरिटीचा, म्हणजे गांभीर्याचा, रकाना त्यात नसतोच. मग फोन घेणाऱ्याला 'हा बग किती वाईट आहे' आणि 'हा किती लवकर हवा आहे' या दोन्ही गोष्टी त्याच एका रकान्यात कोंबाव्या लागतात. मालक फोनवर तापलेले असतील तर तो 'हाय' कसा लिहील? दोन महिन्यांत 'हाय'ला कुणी विचारेनासं होतं, सगळे 'अर्जंट' लिहायला लागतात, मग 'अर्जंट'चीही तीच गत. शेवटी ज्याचा फोन जास्त वेळा येतो त्याचं काम आधी होतं. रेडमाइन नुसतं साक्षीला उरतं.

म्हणून पहिला निर्णय एवढाच झाला: रकाने दोन, आणि ते भरणारे हात वेगळे. सिव्हिरिटी म्हणजे बगनं नुकसान किती होतं. ते टेस्टर ठरवणार, कारण तो बग स्वतः घडवून बघतो. प्रायॉरिटी म्हणजे रांगेतला नंबर. तो सपोर्ट आणि डेव्हलपमेंट बघणारे दोघं मिळून ठरवणार, कारण ग्राहक, तारखा आणि मनुष्यबळ त्यांच्या डोळ्यांसमोर असतं. कॅलेंडर बदललं तर प्रायॉरिटी बदलते. सिव्हिरिटी बदलायची तर बगबद्दल काहीतरी नवं कळायला हवं. आठवड्याच्या बैठकीत पुढे जेवढे वाद झाले, त्यातले बहुतेक या एका वाक्यावर मिटले.

पायऱ्या किती आणि त्यांची नावं काय, यावर मात्र नोव्हेंबरचा उरलेला महिना गेला. बाहेर कोण काय करतं ते पाहिलं. बगझिला या बग नोंदवायच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरची जुनी यादी लांबलचक आहे: ब्लॉकर, क्रिटिकल, मेजर, नॉर्मल, मायनर, ट्रिव्हियल, आणि नवी मागणी असेल तर एन्हान्समेंट. ते बनवणाऱ्या मोझिलानं स्वतः 2020 मध्ये ती सोडून एस-1 ते एस-4 अशा चार पायऱ्या घेतल्या. डेबियन या लिनक्स प्रणालीत सात आहेत, क्रिटिकलपासून विशलिस्टपर्यंत, आणि वरच्या तीन पायऱ्यांपैकी कुठल्याही पायरीवरचा बग नवी आवृत्ती अडवून धरू शकतो. आम्ही चार घेतल्या. पाच पायऱ्यांना मधली पायरी असते, आणि ज्याला विचार करायचा नसतो तो तीच निवडतो. चारात 'मधलं' काही नाही. वर की खाली, हे ठरवावंच लागतं. नावांऐवजी आकडे घेतले, कारण 'क्रिटिकल' हा शब्द फोनवर ऐकला की ग्राहकालाही आपला बग क्रिटिकल वाटतो.

व्याख्या शेवटी अशा ठरल्या. एस-1: डेटा जातो, किंवा चुकीचा आकडा गुपचूप जतन होतो, किंवा एका पार्टीची माहिती दुसरीला दिसते, किंवा बिलिंग पूर्ण ठप्प आणि दुसरी वाट नाही. एस-2: महत्त्वाचं काम अडतं, वाट आहे, पण वेळखाऊ किंवा धोक्याची. एस-3: काम होतं, थोडा फेरा पडतो. एस-4: दिसण्यापुरतं. प्रत्येक पायरीसमोर आमच्याच जुन्या तिकिटांतली दोन-तीन उदाहरणं लिहून ठेवली. व्याख्या कोणी वाचत नाही, उदाहरणं वाचतात. तुम्ही करणार असाल तर उदाहरणांवर जास्त वेळ घाला.

एस-1 मधला 'चुकीचा आकडा गुपचूप जतन होतो' हा तुकडा सहज आला नाही. डेव्हलपरांचा स्वाभाविक कल असा की प्रोग्रॅम बंद पडला म्हणजे मोठा बग, आणि चालतो आहे म्हणजे किरकोळ. हा कल मोडला तो वजनकाट्याच्या तिकिटानं. सुताची आवक नोंदवताना इलेक्ट्रॉनिक काटा सिरियल पोर्टवरून कॉम्प्युटरला जोडलेला असतो. काटा अक्षरांची एक ओळ पाठवतो: चिन्ह, आकडे, टिंब, मग किलोचं एकक. आमचा कोड त्या ओळीतून अंक आणि टिंब एवढंच उचलायचा, बाकी सगळं गाळायचा. रिकामा खोका काट्यावर ठेवून वजन शून्य केलं, मग खोका उचलला आणि चुकून नोंदीचं बटण दाबलं गेलं तर काटा उणे 0.350 दाखवतो. कोड उणेचं चिन्ह गाळतो आणि साठ्यात 350 ग्रॅम सूत वाढतं. स्क्रीनवर काही लाल होत नाही, कोणाला फोन करावासा वाटत नाही. वर्षअखेरीला प्रत्यक्ष साठा मोजताना सूत कमी भरतं आणि संशय गोदामातल्या माणसावर जातो. हे तिकीट कित्येक महिने 'लो' म्हणून पडून होतं, कारण तक्रार एकाच कारखान्याची होती आणि तीही 'कधीतरी होतं' अशी. नव्या व्याख्येनं ते थेट एस-1 वर गेलं. दुरुस्ती किरकोळच: चिन्ह वाचायचं, वजन शून्य किंवा उणे असेल तर नोंद नाकारायची, आणि काटा स्थिर झाल्याशिवाय बटण चालू करायचं नाही. वेळ गेला तो आधीच साठलेल्या नोंदी हुडकण्यात. चुकीच्या डेटाच्या बगमध्ये नेहमीच हे दुसरं काम असतं, म्हणून अशा प्रत्येक एस-1 ला 'जुन्या नोंदी दुरुस्त करणे' असं जोडतिकीट लावायची सवय तेव्हापासून लागली.

कारखान्यात दर्जा तपासणारे लोक दोष मोजताना तीन गोष्टी धरतात: दोष किती गंभीर, किती वेळा होतो आणि निसटण्याआधी सापडण्याची शक्यता किती. प्रत्येकाला 1 ते 10 गुण आणि तिघांचा गुणाकार, म्हणजे जास्तीत जास्त 1000. आम्ही गुणाकार घेतला नाही. छोट्या टीमला 432 आणि 448 यांत फरक काय कळणार? पण 'सापडतो का' हा प्रश्न तिथून उचलला, आणि वजनकाट्याचं तिकीट वर आलं ते त्याच प्रश्नानं.

आता रेडमाइनमधली मांडणी. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ही केली. खर्च काही नाही. रेडमाइन मुक्त सॉफ्टवेअर आहे आणि आमचं ऑफिसातल्याच सर्व्हरवर चालतं. नवीन सुरुवात करणाऱ्यांनी जिरा हे असंच दुसरं सॉफ्टवेअरही पाहावं, 10 जणांपर्यंत त्याची फुकट योजना आहे. काहीही हलवण्याआधी बॅकअप घ्या, आणि रेडमाइनचा बॅकअप म्हणजे डेटाबेस अधिक फाइल्सचा फोल्डर. नुसत्या डेटाबेसमध्ये तिकिटांना जोडलेले स्क्रीनशॉट येत नाहीत.

ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये कस्टम फील्ड्समध्ये जाऊन तिकिटांसाठी 'सिव्हिरिटी' नावाचं लिस्ट प्रकारचं फील्ड केलं, चार मूल्यं दिली आणि डिफॉल्ट (आपोआप भरलं जाणारं) मूल्य मुद्दाम रिकामं ठेवलं. डिफॉल्ट दिलं की सगळी तिकिटं तिथेच बसतात आणि ती कोणी विचार करून ठेवली, कोणी तशीच सोडली, ते नंतर ओळखता येत नाही. प्रायॉरिटीचं उलट आहे. ती रिकामी ठेवायला रेडमाइन परवानगी देत नाही. म्हणून एन्युमरेशन्समध्ये 'ठरायची आहे' अशी नवी प्रायॉरिटी तयार करून तीच डिफॉल्ट केली. बाकीच्या चार: पी-1 म्हणजे हातातलं सोडून हे, पी-2 म्हणजे येत्या रिलीजमध्ये (नव्या आवृत्तीत), पी-3 म्हणजे पुढच्या तिमाहीत बघू, पी-4 म्हणजे आम्ही करणार नाही, नोंद राहील. पी-4 वर सपोर्टनं नाक मुरडलं, पण 'बघू' म्हणून वर्षभर ताटकळत ठेवण्यापेक्षा ग्राहकाला 'नाही' सांगितलेलं परवडतं. तो त्याची दुसरी सोय लावतो.

खरं काम वर्कफ्लोच्या पानावर होतं. तिथे फील्ड्स परमिशन्स असा भाग आहे; रोल (वापरणाऱ्याची भूमिका) आणि तिकिटाची स्थिती यांच्या जोडीनुसार एखादं फील्ड फक्त वाचण्यापुरतं किंवा सक्तीचं करता येतं. सपोर्टच्या रोलला प्रायॉरिटी सगळ्या स्थितींत फक्त वाचण्यापुरती केली. सिव्हिरिटी 'न्यू' स्थितीत सक्तीची नाही, पण 'पडताळलं' या आम्ही नव्यानं घातलेल्या स्थितीत सक्तीची. म्हणजे फोन घेणाऱ्याला तिकीट टाकताना अडत नाही, आणि टेस्टरनं बग घडवून पाहिल्याशिवाय, सिव्हिरिटी भरल्याशिवाय ते पुढे सरकत नाही. तिकीट टाकतानाच सिव्हिरिटी सक्तीची केली तर लोक अंदाजानं काहीही भरतात आणि तो अंदाज मग खोडला जात नाही.

नवी मागणी आणि बग हे ट्रॅकरच (रेडमाइनमधले तिकिटांचे प्रकार) वेगळे ठेवा. रेडमाइनमध्ये बग, फीचर आणि सपोर्ट असे तीन मुळातच असतात. 'पगाराच्या पावतीवर कामगाराचा फोटो हवा' हे कितीही मोठ्या ग्राहकानं सांगितलं तरी त्याला सिव्हिरिटी नसते.

जुन्या तिकिटांचा ढीग उपसायला डिसेंबर पुरला. काम कंटाळवाणं होतं आणि मधेच असं वाटायचं की सगळी बंद करून कोरी पाटी घ्यावी. तसं केलं असतं तर वजनकाटाही त्यात गेला असता. सुरुवातीला ॲडमिनिस्ट्रेशनमधल्या ई-मेल नोटिफिकेशनच्या टॅबवरच्या खुणा काढल्या, नाहीतर प्रत्येक बदलाला प्रत्येकाला मेल गेला असता. मग तिकिटं जुन्यापासून नव्याकडे न घेता मॉड्यूलवार घेतली: आधी बिलिंगची सगळी, मग साठ्याची, मग पगाराची. मॉड्यूलवार घेतलं की डुप्लिकेट लगेच दिसतात. डुप्लिकेट बंद करताना मूळ तिकिटाशी संबंध जोडा. कुठला बग किती जणांना चावतो याचा तेवढाच एक फुकटचा पुरावा असतो. जी तिकिटं आताच्या आवृत्तीत घडतच नव्हती त्यांच्यावर ग्राहकाला विचारणा केली, दोन आठवडे वाट पाहिली आणि 'पुन्हा दिसलं तर हेच तिकीट उघडा' असं लिहून बंद केली. उत्तर फार थोड्यांचं आलं. ज्यांनी दिलं, त्यांचे बग मात्र खरे निघाले.

याच काळात फोनवरचे प्रश्न ठरले. ग्राहक 'काहीच चालत नाही' असं म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्याच्या हातातलं काम अडलेलं असतं, एवढंच त्याला दिसतं. सपोर्टची मुलगी आता असं विचारते:

"अण्णा, बिल निघतच नाही, का निघतंय पण चुकीचं निघतंय?"

"निघतंय ओ ताई, पण टॅक्स एक पैशानं चुकतोय. हैदराबादची पार्टी मान्य करंना झालीय."

"सगळ्याच बिलांना का एखाद्यालाच?"

"जास्त आयटम असले की होतंय बघा."

या उत्तरांत टेस्टरला लागणारं बहुतेक सगळं आलं. हा बग पुण्या-मुंबईच्या बिलांवरही होताच, कोणी बोललं नव्हतं. राज्यातल्या बिलावर 5 टक्के कर निम्मा-निम्मा वाटला जातो. 333.30 रुपयांच्या तीन ओळी असतील तर प्रत्येकीवर अडीच टक्क्यांनी 8.3325, म्हणजे 8.33, तिघींचे 24.99. एकूण 999.90 वर एकदाच काढला तर 24.9975, म्हणजे 25.00. छापील बिल एका पद्धतीनं आणि खतावणी दुसऱ्या पद्धतीनं गोलाई करत होती. एका पैशासाठी एस-1? चुकीचा आकडा जतन होतो हे खरं, पण गुपचूप नाही. बिल आणि खातं शेजारी ठेवलं की लगेच दिसतं आणि हातानं राउंड-ऑफची नोंद टाकून जुळवता येतं. एस-2 ठरलं, प्रायॉरिटी पी-2. बैठकीत यावर बरीच घासाघीस झाली, आणि असे सीमेवरचे निकाल आम्ही उदाहरणांच्या पानात भरत गेलो.

बैठक सोमवारी सकाळी, अर्धा तास, टेस्टर आणि सपोर्ट-डेव्हलपमेंटचे दोघं. 'ठरायची आहे' असलेली तिकिटं सिव्हिरिटीच्या क्रमानं लावलेली एक सेव्ह केलेली क्वेरी (चाळून काढलेली यादी) उघडायची आणि वरून खाली यायचं. दुरुस्ती कशी करायची ही चर्चा तिथे बंद. डेव्हलपर समोर असला की ती सुरू होतेच, म्हणून बैठक टेस्टरनं चालवावी. पाच मिनिटांत निकाल लागला नाही तर माहिती कमी आहे असं समजून तिकीट परत पाठवायचं.

जानेवारीत या मांडणीची पहिली खरी परीक्षा झाली. महिन्याच्या 11 तारखेला जीएसटीआर-1 (विक्रीचं विवरणपत्र) आणि 20 तारखेला 3-बी (कर भरण्याचं), ही आमच्या ग्राहकांची घड्याळं. जीएसटीआर-1 ची फाइल तयार करताना एचएसएनवार (मालाच्या वर्गीकरणाच्या कोडनुसार) सारांशात एक ओळ दोनदा येत होती. ती हातानं काढता यायची, म्हणून एस-2. दुरुस्ती तयार व्हायला वेळ लागणार होता आणि अर्धं ऑफिस संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेच्या तयारीत. त्या महिन्यात मुदत वाढून 13 जानेवारी झाली. सिव्हिरिटी जिथल्या तिथे राहिली. प्रायॉरिटी 13 तारखेपर्यंत पी-1 होती, त्यानंतर ती पी-2 झाली, कारण पुढची फाइल फेब्रुवारीत लागणार होती. घाईघाईत अर्धीमुर्धी दुरुस्ती घेऊन कारखान्याकारखान्यांत फिरण्याऐवजी सपोर्टनं ती ओळ कशी काढायची याचा छोटा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर पाठवला. संक्रांतीला लोक नंदीध्वजांच्या मिरवणुकीला जाऊ शकले.

तेव्हापासून रिलीजची खिडकीही पक्की झाली: 21 तारखेपासून महिनाअखेरपर्यंत. 1 ते 20 मध्ये कुठल्याच अकाउंटंटला नवं व्हर्जन नको असतं, आणि त्याचं बरोबर आहे. या काळात फक्त पी-1 ची दुरुस्ती जाते, तीही एकटी. सोबत 'जाता जाता' म्हणून दुसरं काही घालायचं नाही. जाता जाता घातलेल्या बदलानंच पुढचा पी-1 जन्माला येतो.

सिव्हिरिटी आणि प्रायॉरिटी किती लांब जाऊ शकतात हे दाखवणारी दोन तिकिटं एकाच सुमारास आली. पहिलं छपाईचं. पीडीएफ बिलावर देवनागरीत 'सिद्धेश्वर' छापताना पहिली वेलांटी 'स'च्या पुढे, 'द'ला चिकटून येत होती आणि जोडाक्षर सुटत होतं. सोलापुरात हे नाव किती पाट्यांवर आहे ते सांगायला नको. कारण असं की युनिकोडमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या नंतर साठवली जाते आणि दिसताना आधी दिसते. हा क्रम बदलण्याचं आणि जोडाक्षर घडवण्याचं काम शेपिंग इंजिन करतं. आमची पीडीएफ लायब्ररी (पीडीएफ बनवणारा तयार कोड) शेपिंग न करता अक्षरं जशी साठवली तशी ओळीनं मांडत होती. डेटा शाबूत, बिल कायदेशीर, इंग्रजी छपाई ठीक. व्याख्येनं एस-4. पण ते बिल मुंबईच्या व्यापाऱ्याच्या टेबलावर जातं आणि त्यावर मालकांचं नाव मोडलेलं. पी-1. सिव्हिरिटी वाढवून एस-2 करू या, म्हणजे पी-1 शोभेल, अशी सूचना आली. ती मान्य केली असती तर दोन रकान्यांचा खेळ तिथेच संपला असता. एस-4, पी-1 असंच लिहिलं. लायब्ररी बदलून हार्फबझ हे शेपिंग इंजिन वापरणारी घेतली.

दुसरं तिकीट याच्या उलट दिशेचं. बिल क्रमांकात तीन इंग्रजी अक्षरं, तिरकी रेघ, 2024-25, पुन्हा तिरकी रेघ आणि मग अनुक्रमांक. अनुक्रमांकाआधीच 12 अक्षरं झाली. जीएसटीच्या नियम 46 प्रमाणे बिल क्रमांक 16 अक्षरांपेक्षा मोठा चालत नाही, आणि ई-इन्व्हॉइसचं (बिल सरकारकडे ऑनलाइन नोंदवायचं) पोर्टलही तो घेत नाही. 9999 पर्यंत सगळं ठीक. 10000 वं बिल 17 अक्षरांचं होतं आणि ई-इन्व्हॉइस निघत नाही. दुसरी वाट कोणती? मधेच नवी मालिका सुरू करणं. नियमात बसतं, पण सगळे अहवाल दोन तुकड्यांत. एस-2. आता प्रायॉरिटी. बहुतेक कारखाने वर्षाला एवढी बिलं करतच नाहीत. किरकोळ विक्रीचा काउंटर असलेले मोजकेच दहा हजाराच्या आसपास जातात. कोण आठ हजारांच्या पुढे आहे ते सपोर्टनं फोन करून पाहिलं, तेवढ्यांनाच फेब्रुवारीअखेर दुरुस्त व्हर्जन दिलं आणि बाकीच्यांसाठी पी-3 ठेवलं. 31 मार्च निभावला की 1 एप्रिलला अनुक्रमांक पुन्हा 1 पासून सुरू होतो, वर्षभर निवांत. एकाच तिकिटाला ग्राहकानुसार दोन प्रायॉरिट्या रेडमाइनमध्ये देता येत नाहीत. मूळ तिकिटाखाली उपतिकीट करून त्याला वेगळी प्रायॉरिटी द्यावी लागते. मात्र रेडमाइन मूळ तिकिटाची प्रायॉरिटी उपतिकिटांवरून आपोआप काढतं. ते नको असेल तर सेटिंग्जमध्ये मूळ तिकिटाची प्रायॉरिटी उपतिकिटांपासून स्वतंत्र ठेवा.

मार्चमध्ये एस-1 फुगायला लागले. हे होणारच होतं. सपोर्टला कळलं की प्रायॉरिटीला हात लावता येत नाही, तर वर्णन असं लिहायचं की टेस्टरला एस-1 द्यावंसं वाटेल. 'डेटा गेला' असं शीर्षक, आत बघावं तर फिल्टर लावलेला असल्यामुळे यादी रिकामी दिसत होती. उपाय दोन केले. शीर्षकात काय केलं आणि काय दिसलं एवढंच लिहायचं, परिणामाचे शब्द नाहीत. आणि एस-1 पक्कं झालं की तिकीट टाकणाऱ्यानं ते सुटेपर्यंत ग्राहकाशी दर दोन तासांनी बोलायचं. एस-1 मागणाऱ्यालाही काहीतरी मोजावं लागलं की मागणी आपोआप खरी होते. लेखी समज देऊन यातलं काहीच झालं नसतं.

सुरक्षेचे बग या रांगेत घालू नका. मोबाइल ॲपवर बिलाच्या दुव्यातला आकडा बदलला की दुसऱ्या पार्टीचं बिल दिसतं, असा बग चाचणीतच सापडला. तो एस-1 होताच, पण मुद्दा वेगळा: तिकिटात तो घडवण्याच्या पायऱ्या लिहिलेल्या असतात आणि रेडमाइन बरेच जण वाचतात. रेडमाइनमध्ये तिकीट प्रायव्हेट करता येतं. तसं करून दोघांपुरतं ठेवलं. बाहेरच्या लायब्ररीतल्या त्रुटींसाठी सीव्हीएसएस या सुरक्षात्रुटी मोजण्याच्या पद्धतीचे गुण येतात, 0 ते 10, आणि 9.0 पासून पुढचे क्रिटिकल. ते जसेच्या तसे आपल्या सिव्हिरिटीत उतरवू नका. आपण ती लायब्ररी कुठे वापरतो यावर सगळं आहे. ऑफिसातल्या बंद मशिनवर फक्त पावती छापणाऱ्या भागातला 9.8 हा नेटवर उघड्या असलेल्या भागातल्या 7 पेक्षा मागे राहू शकतो.

1 एप्रिल 2025 पासून 10 कोटी किंवा त्याहून जास्त उलाढाल असलेल्यांना बिल 30 दिवसांच्या आत ई-इन्व्हॉइस पोर्टलवर नोंदवणं बंधनकारक झालं. त्याआधी 'ई-इन्व्हॉइस अपलोड अयशस्वी झाल्यास यादीत दिसत नाही' हे आमच्याकडे एस-3 होतं, कारण नंतर कधीही अपलोड करता यायचं. ती वाट 30 दिवसांनंतर बंद होणार म्हटल्यावर तेच एस-2 झालं. कोडमधली एकही ओळ बदलली नव्हती, पण बगमुळे होणारं नुकसान खरोखर वाढलं होतं. कायदा बदलला की उघड्या तिकिटांच्या वर्कअराउंडवरून (पर्यायी वाटांवरून) एकदा नजर फिरवायची, हे तेव्हापासून बैठकीत आलं. 22 सप्टेंबर 2025 ला जीएसटीचे 12 आणि 28 टक्क्यांचे टप्पे बहुतेक वस्तूंवरून गेले तेव्हा ते कामाला आलं. दर बिलाच्या तारखेवरून न घेता आयटमच्या मास्टरवरून (मालाच्या कायमच्या नोंदीवरून) घेणारी दोन पी-4 तिकिटं वेळेत वर आली, नाहीतर जुन्या तारखेच्या बिलाची क्रेडिट नोट नव्या दरानं निघाली असती.

पी-4 ची यादी दर तिमाहीला एकदा सपोर्टसोबत वाचतो. त्या वेळी आणखी एक क्वेरी चालवतो: 'पडताळलं' झाल्यानंतर सिव्हिरिटी बदललेली तिकिटं, आणि त्यातही एस-3 वरून एस-1 वर गेलेली आधी. रेडमाइनच्या फिल्टरला हा इतिहास नेमका काढता येत नाही; डेटाबेसमध्ये जर्नल्स आणि जर्नल डिटेल्स या दोन टेबलांत जुनं मूल्य आणि नवं मूल्य दोन्ही असतात, तिथून काढावं लागतं. यातली बरीच तिकिटं छपाई आणि वजनकाट्याच्या जोडणीची निघतात, कारण ऑफिसात आमच्याकडे एकच काटा आहे आणि ग्राहकांकडे वेगवेगळ्या कंपन्यांचे. दुसरा जुना काटा घ्यायचा विषय सध्या खरेदीच्या यादीत आहे, पी-2.